झोपलेली रेघ

मिस्त्रींना सगळी गल्ली 'नाकवाले मिस्त्री' म्हणायची. त्यांचं नाक काही फार मोठं नव्हतं. चारचौघांसारखंच होतं, जरा डावीकडे कललेलं. पण गाडी गॅरेजात आली की मिस्त्री बॉनेटला हात लावत नसत. आधी मागे जात, सायलेन्सरपाशी उकिडवे बसत, तळहाताने थोडा धूर नाकाकडे ओढून घेत आणि डोळे मिटत. गाडीवाला शेजारी ताटकळत उभा. मग निकाल लागे. "पेट्रोल जास्त पितेय." नाहीतर, "नुसती हवा खातेय, पेट्रोल पोचतच नाही." एखाद्या वेळी, "तेल जळतंय, रिंगा गेल्या." मग बॉनेट उघडून बघावं तर अगदी तसंच निघायचं.

ही विद्या त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिली होती. उस्ताद मोठे खडूस. शिकाऊ पोरांच्या डोळ्यांवर ग्रीसची चिंधी बांधायचे, चालू गाड्यांच्या रांगेमागे बसवायचे आणि कुठली गाडी उपाशी, कुठली तुडुंब, ते ओळखायला लावायचे. चुकलं की टपली. बाकीची पोरं टपल्या खाऊन कंटाळली आणि पंक्चरच्या दुकानात गेली. मिस्त्री टिकले. त्यानंतर जन्मभर त्यांनी नाकाच्या जिवावर संसार केला आणि त्याचा थोडा तोराही मिरवला. कुणी दुसऱ्या गॅरेजचं नाव काढलं की ते म्हणत, "तिथे हत्यारं आहेत ना भरपूर. जा की मग."

गॅरेजला लागूनच एक खोली होती, आणि तिथे मिस्त्रींची बायको गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. दोघांच्या मध्ये एक पत्र्याचं दार, ते कायम उघडं. इकडून हातोडा, तिकडून मशीन, आणि दोन्हींच्या वरून दोघांचं बोलणं. आवाज चढवून बोलायची अशी सवय लागली होती की रात्री घरी जेवतानाही दोघं भांडल्यासारखीच बोलायची.

गेल्या वर्षी मिस्त्रींना ताप आला. साधाच ताप. आला, अंथरुणात ठेवलं, गेला. जाताना नाक घेऊन गेला.

हे त्यांना लगेच कळलंही नाही. एकदा स्वयंपाकघरात ते शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत होते आणि बायको बाहेरून धावत आली. दूध उतू जाऊन करपून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, खोलीभर करपट वास सुटला होता, आणि हे आपले पान उलटताहेत. "अहो, नाक कुठे गहाण टाकलंय?" ती ओरडली. मिस्त्री म्हणाले, "विचारात होतो." मग ती पातेलं घासायला गेली तसे ते गॅरेजात गेले, पेट्रोलचा डबा उघडला आणि तोंड जवळजवळ आतच घातलं. काही नाही. थंडगार काहीतरी नाकाला लागलं, बस. त्यांनी झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा हुंगून बघितलं.

कुणाला सांगितलं नाही. येईल परत, असं म्हणून थांबले. आलं नाही. आणि दिवस गेले तसं सांगणं जास्तच अवघड होत गेलं. गवयाने गळा गेला म्हणून कुणाला सांगावं?

मग त्यांनी स्कॅनर घेतला. मेहुण्याचं कोपऱ्यावर पार्टचं दुकान होतं, तो कधीपासून मागे लागला होता. मिस्त्रींनी एक दिवस काही न बोलता यंत्र उचललं, तसा मेहुणा चाट पडला. "भावोजी, तुम्ही? सूर्य कुठे उगवला आज?" गल्लीत बातमी झाली, मिस्त्री सुधारले. मिस्त्रींनी हे कौतुक मुकाट्याने घेतलं. गाडी आली की ते पूर्वीसारखेच मागे जाऊन बसत, डोळे मिटत, मान हलवत, आणि मग सहज म्हणून स्कॅनर लावत. निकाल तो देई, नाव नाकाचं होई.

स्कॅनर हातात मावेल एवढा. त्याची वायर स्टिअरिंगखाली खोचायची. धुराच्या पाइपात बोटाएवढा एक सेन्सर असतो, त्याचं म्हणणं या पडद्यावर रेघ होऊन दिसतं. मेहुण्याने शिकवलं ते असं: रेघ वर गेली तर पेट्रोल जास्त, खाली आली तर पेट्रोल कमी. इंजिन ठणठणीत असेल तर रेघ सारखी वर-खाली उड्या मारते, कारण गाडीचा कॉम्प्युटर नळाचं गरम-गार पाणी जुळवणाऱ्या माणसासारखा सारखं जरा वाढव, जरा कमी कर, असं करत असतो. मिस्त्रींना हे पटकन पटलं. नाकालाही पेट्रोल जास्तच किंवा कमीच कळायचं. म्हणजे हे नाकच झालं, फक्त वायर लावलेलं. इथेच त्यांची गल्लत झाली, पण ती त्यांना पुष्कळ दिवस बाधली नाही.

लेक तिच्या पिल्लाला घेऊन महिनाभर राहायला आली होती. नात अजून रांगतही नव्हती. जावई दूरच्या शहरात नोकरीला, रजा संपवून तो आधीच गेला होता. आता लेक एकटीच गाडी चालवत, मागच्या सीटवर पोरीला बांधून, जाणार होती. दिवसभराचा रस्ता. आल्यापासून लेक रोज सकाळी पोरीचं डोकं मिस्त्रींच्या नाकाशी धरायची. "बाबा, वास घ्या वास. जगात असा वास नाही." मिस्त्री रोज डोळे मिटून म्हणायचे, "वा!"

जायच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, गाडीत तो इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. बघाल?"

"बघतो म्हणजे काय? माझ्या नातीची गाडी आहे."

स्कॅनर लावला. रेघ खाली. अगदी तळाशी, पाय पसरून झोपल्यासारखी. उडी नाही की हालचाल नाही. मिस्त्री खूश झाले. सोपं काम. रेघ खाली म्हणजे पेट्रोल कमी. त्यांनी पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंपाचा दाब बघितला, इंजेक्टर साफ केले. गाडी चालू केली. रेघ झोपलेलीच.

मग त्यांनी प्लग काढून बघितला. प्लग काजळीने काळाकुट्ट. हे बघून त्यांची मती गुंग झाली. पेट्रोल जास्त झालं तरच प्लगवर काजळी धरते, हे उस्तादांच्या चिंधीइतकंच पक्कं. म्हणजे प्लग म्हणतोय खाऊन खाऊन पोट फुटलं, आणि रेघ म्हणतेय उपाशी आहे. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. पूर्वी असं झालं असतं तर ते मागे जाऊन बसले असते आणि एका श्वासात भांडण मिटलं असतं. आताही ते मागे जाऊन बसले. धूर तोंडावर आला. कोमट वारा, दुसरं काही नाही.

ते मेहुण्याकडे गेले. मेहुणा म्हणाला, "सेन्सरच मेला असेल भावोजी. बदलून टाका, डोक्याला ताप नको." सेन्सर बदलला. नवाकोरा सेन्सर, आणि रेघ जुन्याच जागी झोपलेली. मिस्त्रींनी स्कॅनरला एक थप्पड मारून बघितली. ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा मात्र गंमत झाली: इंजिन जोरात फिरलं तशी रेघ उठली आणि उड्या मारायला लागली. पाय काढला, पुन्हा झोपली. हे तर सगळंच उलटं. पेट्रोल पुरत नसेल तर जोर लावल्यावर जास्त उपासमार व्हायला हवी. इथे जोर लावला की पोट भरतंय! मिस्त्री टूलबॉक्सवर बसून राहिले. पलीकडून मशीनचा आवाज थांबला आणि बायको म्हणाली, "झालं का?"

"होतंय."

"सकाळपासून होतंयच."

मिस्त्रींनी स्कॅनरमधून दिवा पुसून टाकला. पिवळा दिवा विझला. लेकीला वाटलं काम झालं. मिस्त्रींनी तसं म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जेवणं उरकली. बायको पोरीची दुपटी ठेवायला गाडीत वाकली आणि तशीच मागे आली. "अहो, गाडीत कसला तरी वास येतोय. धुरासारखा. मला परवा बाजारात जातानाही आला होता. डोकं चढलं होतं माझं."

लेक म्हणाली, "माझंही चढतं आई, पण ते उन्हाने. ही मात्र गाडीत बसली रे बसली की डाराडूर. रस्ताभर कुरकुर नाही."

"गुणी आहे माझी बाय," मिस्त्री म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघत होती. लेकही. दोघी निकालाची वाट बघत होत्या, गल्लीतले सगळे बघायचे तशी. मिस्त्री दारातून आत वाकले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. आत काहीही असू शकलं असतं. "सीटकव्हरचा आहे," ते म्हणाले.

"रेक्झिनचा वास मी ओळखते हो. मीच शिवलंय ते."

"तापलं की बदलतो. तुला काय माहीत."

बायको गप्प झाली. तिला स्वतःच्या हातच्या कापडाचा वास कळत नाही असं कुणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर तिने कात्री उगारली असती. पण हे नाकवाले मिस्त्री होते. तिने दुपटी सीटवर ठेवली आणि बाजूला झाली. मिस्त्रींना त्या क्षणी बरं वाटलं, हे सांगायला हवं. अब्रू वाचली असंच त्यांना वाटलं.

सामान डिक्कीत गेलं. पोरीला मागच्या सीटवर बांधलं. लेकीने गाडी चालू केली आणि आईला मिठी मारायला खाली उतरली. गाडी तशीच चालू. मायलेकींचं ते आणि हे, पोचल्यावर फोन, पाण्याची बाटली, सगळं दोन-दोनदा. मिस्त्री पुढच्या सीटवर बसून शेवटचं म्हणून रेघ बघत होते. झोपलेली. थंड इंजिनातून टिक टिक असा बारीक आवाज येत होता. कालही येत होता, इंजिन तापलं की कमी व्हायचा. काल त्यांनी तो व्हॉल्व्हचा म्हणून सोडून दिला होता. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. रेघ उठली. सोडला. झोपली. काय म्हणायचंय हिला? पेट्रोल कमी नाही. प्लग काळा. मग ही कमी-कमी काय करतेय?

"बाबा, काढा ते यंत्र आता. बघा, ही झोपलीसुद्धा."

मिस्त्रींनी मागे वळून बघितलं. पोरीची मान एका बाजूला कलली होती, तोंड अर्धं उघडं. आणि पुढे रेघ. दोघी झोपलेल्या.

मग त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. रेघ पेट्रोलबद्दल बोलतच नव्हती. तो सेन्सर म्हणजे त्यांचं नाक नव्हेच. नाक पेट्रोल हुंगायचं. सेन्सर फक्त हवा हुंगतो, धुरात किती प्राणवायू उरलाय तेवढंच. पेट्रोल कमी हा आपण लावलेला अर्थ. तो बिचारा एवढंच सांगत होता की इथे हवा फार आहे. आणि हवा इंजिनातूनच यायला हवी असं कुठे आहे? सेन्सरच्या आधी पाइपाला कुठे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाईल. कॉम्प्युटरला वाटेल पेट्रोल कमी पडतंय, तो ओततच राहील. प्लग काळा. जोर दिला की धूर एवढा रेटून येतो की हवेला आत शिरायला जागा कमी, म्हणून रेघ उठते. सगळं जुळलं. आणि ज्या फटीतून हवा आत येते, त्याच फटीतून धूर बाहेर येतो. बॉनेटखाली. पुढच्या काचेच्या खालून गाडीत हवा घेणारी जाळी असते, तिच्याच शेजारी.

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, मागचं दार उघडलं आणि पट्टे ओढायला लागले. पट्टा सुटेना. बोटं एवढ्या वर्षांची नट-बोल्टची, पण तो लहानसा प्लास्टिकचा खटका त्यांना उघडेना. सुटला तशी त्यांनी पोर बाहेर उचलली आणि उघड्यावर नेऊन हलवली. "ए बाय. ए उठ. उठ ना गं."

"बाबा, काय करताय? आत्ताच झोपलीय ती!"

पोरीने डोळे उघडले नाहीत. मिस्त्रींनी तिचे गाल थोपटले. मग तिने ओठ काढले, कपाळाला आठी घातली आणि असा काही भोंगा पसरला की पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मिस्त्रींनी तिला छातीशी घट्ट धरलं. ती झोप साधी होती की धुराची, हे त्यांना पुढे कधीच कळलं नाही.

लेकीने पोर काढून घेतली. बायको म्हणाली, "अहो, झालंय काय तुम्हाला?"

"मघाचा वास," मिस्त्री म्हणाले. "कुठून येत होता?"

"कसला वास? तुम्हीच म्हणालात ना सीटकव्हरचा?"

"मला वास येत नाही."

"म्हणजे सर्दी झालीय?"

"येतच नाही. त्या तापापासून. कशाचाच नाही."

तिला आधी काही समजेचना. ती त्यांच्या नाकाकडे बघत राहिली, जसं काही ते जागेवर आहे की नाही ते तपासतेय. मग तिला दूध आठवलं असावं. चेहरा लाल झाला. "आणि मी गप्प बसले," ती म्हणाली. मशीनवरून बोलायची तेवढ्याच मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "मला येत होता वास! मला स्वच्छ येत होता! तुम्ही म्हणालात म्हणून मी गप्प बसले. पोरीला धुरात बसवून निरोप देत होते मी, तुमच्या नाकावर विश्वास ठेवून!"

मिस्त्री म्हणाले, "ओरड नंतर. आधी वास घे."

ती ओरडायची थांबली नाही, पण वास घेतला. लेक पोरीला घेऊन लांब उभी राहिली. मिस्त्रींनी सगळी दारं सताड उघडली, गाडी चालू केली आणि बायको एकेका झरोक्याशी नाक नेत गेली. "इथे नाही. इथे आहे थोडा. पायाशी आहे, डाव्या बाजूला. तुम्हाला वर्षभर सांगायला तोंड नव्हतं? इथे जास्त आहे." मग बॉनेट. ती वाकून इंजिनावरून डावीकडे सरकली आणि एकदम मागे झाली, पदर नाकाला. "इथे! इथे तर जळजळतंय."

मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फाडून त्या जागी धरला. जिथे इंजिन आणि धुराचा पाइप जोडलेले असतात तिथे कागद फडफडला, मग आत ओढला गेला, मग पुन्हा फडफडला. टिक टिक टिक. मधलं, सांधा बुजवणारं गॅस्केट जळून त्याचा कोपरा उडाला होता. एवढीशी फट. काल दिवसभर ते तिच्यापासून वीतभर अंतरावर काम करत होते.

धुरात माणसाचा जीव घेणारं जे असतं त्याला वासच नसतो, हे मिस्त्रींना उस्तादांनी फार पूर्वी सांगितलं होतं. वास येतो तो त्याच्याबरोबरच्या घाणीचा. म्हणजे त्यांचं नाक अगदी भरात होतं तेव्हाही त्यांनी नुसती घाणच हुंगली होती. हे त्यांना त्या दुपारी नट सोडवताना आठवलं आणि पुष्कळ वर्षांचा तोरा आपण कशावर मिरवला, ते त्यांना नीटसं कळेना.

मेहुण्याच्या दुकानातून गॅस्केट आलं. मेहुण्यालाही तोवर सगळं समजलं होतं, गल्लीत कुणाला समजायचं राहिलं नव्हतं. तो गॅस्केट घेऊन स्वतः आला आणि टॉर्च धरून उभा राहिला. जोडणी झाली, गाडी चालू केली. रेघ जरा वेळ तळाशी पडून राहिली आणि मग उठली. वर, खाली, वर, खाली. मिस्त्रींचं तरीही समाधान होईना. ते सारखे बायकोला म्हणत, "घे गं वास." ती म्हणे, "नाही येत." "पायाशी?" "नाही." "पुन्हा घे." शेवटी ती म्हणाली, "आता माझंही जाईल नाक."

लेक त्या दिवशी गेली नाही. किल्ली मिस्त्रींनी खिशात घातली ती रात्रभर काढली नाही. सकाळी पुन्हा रेघ बघितली, पुन्हा कागद धरला, बायकोला पुन्हा गाडीत बसवलं. मग पोरीला आणलं.

लेकीने सवयीने पोरीचं डोकं त्यांच्या नाकाशी धरलं आणि तिच्या लक्षात आलं. हात तिथेच थांबला. महिनाभरातले सगळे 'वा' तिला आठवले असणार. ती पोर मागे घ्यायला लागली तसे मिस्त्री म्हणाले, "राहू दे." त्यांनी त्या मऊ केसांत नाक घातलं. नाकाला ऊब लागली. "तू सांग, कसा येतो?"

लेकीने वास घेतला. "दुधाचा. नाही, दुधाचा नाही. जरा घामाचा, पण घामासारखा नाही... मला नाही सांगता येत हो बाबा." आणि तिला रडूच फुटलं.

बायको पुढे झाली. कालपासून ती मिस्त्रींशी वासाखेरीज एक शब्द बोलली नव्हती. तिने पोरीच्या डोक्याशी वाकून डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि बराच वेळ तशीच थांबली. सगळे ताटकळत उभे.

"धुराचा नाही," ती म्हणाली.

मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढली आणि लेकीच्या हातात दिली.